हेलसिंकीतला नकार पुण्याला कसा न्यायचा?

ताई,

मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे, हाताखाली चौघं आहेत. ऑक्टोबरपासून क्लायंटच्या ऑफिसात, फिनलंडमधल्या हेलसिंकीला आले आहे. नाताळच्या आधी परत. काम जमतंय, पण माणसं कळत नाहीत. गेल्या आठवड्यात मीटिंगमध्ये आमच्या साहेबांनी पुण्याहून फोनवर डिसेंबरची डिलिव्हरी कबूल करून टाकली. त्यावर इथली टेस्टिंग बघणारी मुलगी, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, सगळ्यांसमोर म्हणाली, "हे डिसेंबरमध्ये होणार नाही." तिचा मॅनेजर शेजारीच होता, त्याने नुसती मान हलवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार वाजले की ऑफिस रिकामं होतं. मी सात-सात वाजेपर्यंत बसते, त्याचं कुणाला काही नाही. कौतुक नाही, चौकशी नाही, जेवताना आपणहून कुणी बोलत नाही. त्यात डिसेंबरच्या पार्टीत सौनाचा, म्हणजे तापवलेल्या खोलीत वाफ घेत बसण्याचा, कार्यक्रम आहे म्हणे, त्याचं वेगळं टेन्शन. आणि साहेबांनी सांगून ठेवलंय, परत आलीस की चाळीस जणांसमोर 'हेलसिंकीकडून आपण काय शिकावं' यावर प्रेझेंटेशन दे. स्लाइड केल्यात: विश्वास, वेळ पाळणं, वर्क-लाइफ बॅलन्स. पण मलाच त्या खोट्या वाटतायत. काय करू?

— एक वाचक, सध्या मुक्काम हेलसिंकी

---

'ताई' म्हणून लिहिलंस, तेव्हा अहो-जाहो बाजूला ठेवते.

स्लाइड खोट्या वाटतात हे बरंच झालं. ते तीन शब्द कुठल्याही देशाच्या पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकात खपून जातील. शिवाय तुझे चाळीस श्रोते मनात काय म्हणणार ते मला इथे बसून ऐकू येतंय: "त्यांचं बरंय! अख्खं हेलसिंकी सात लाखांच्या आत. आपल्या पिंपरी-चिंचवडच्या निम्मंसुद्धा नाही." आणि त्यात तथ्य आहे. त्यामुळे तू जे सांगशील ते या एका वाक्यापुढे टिकलं पाहिजे.

मी स्वतः त्या शहरात काही वर्षं नोकरी केली आहे, त्यावरून माझं मत बनलंय ते असं: तिथल्या माणसांचे गुण बघत बसू नये. त्या गुणांच्या खाली काय सोय लावून ठेवली आहे ती शोधावी. गुण बॅगेत भरून आणता येत नाहीत, सोय कधी कधी आणता येते.

त्या टेस्टिंगवाल्या मुलीपासूनच सुरुवात करू. लहान माणसाने, सगळ्यांसमोर, वरच्याचं बोलणं खोडलं. आपल्याकडे हा अपमानच. त्या खोलीतल्या बाकीच्यांच्या लेखी मात्र ती तिचं काम करत होती. टेस्टिंगला किती दिवस लागतात ते सांगण्याचाच तर तिला पगार आहे. ती गप्प बसली असती आणि डिसेंबरात घोडं अडलं असतं, तर जाब तिला विचारला गेला असता: तुला आधीपासून माहीत होतं, मग बोलली का नाहीस? तिथे 'नाही' म्हटल्याचा दोष लागत नाही, उशिरा सांगितल्याचा लागतो. मॅनेजरची ती मान 'बरोबर आहे, पुढे बोला' या अर्थाची होती.

आपला 'हो' बऱ्याचदा वेळ मारून नेण्यासाठी असतो. देणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, घेणाऱ्यालाही. मग शेवटच्या आठवड्यात रात्री जागवून, पिझ्झा मागवून काम ओढून काढायचं आणि त्याला जिद्द म्हणायचं. तुझ्या साहेबांचा डिसेंबर त्याच जातीचा होता. त्यांनी तिथलं कॅलेंडरही बघितलं नसणार. ६ तारखेचा स्वातंत्र्यदिन आणि २४ पासूनचा नाताळ धरला तर तिथल्या डिसेंबरात कामाचे जेमतेम तीन आठवडे हाती लागतात.

आता एक कर. त्या मीटिंगची टिपणं तुला मेलवर आली असतील, ती पुन्हा उघड. एखाद्या पानाचीच असतील: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. 'डिसेंबर'पुढे काय लिहिलंय ते नीट वाच. बहुतेक वेळा तो नकार तिथेच संपलेला नसतो. काय होईल आणि काय जानेवारीवर जाईल याची वाटणीही त्यात असते. नसेल, तर त्या मुलीकडे जा आणि सरळ विचार, "डिसेंबरात काय काय होऊ शकेल?" एवढंच विचार आणि गप्प राहा. ती पाच-सात सेकंद काही बोलणार नाही. आपल्याला तेवढीही शांतता सोसत नाही. आपण लगेच दुसरा प्रश्न टाकतो, मग पहिल्याचा खुलासा करतो, मग हसून 'नो प्रॉब्लेम' म्हणतो. समोरचं माणूस बिचारं अजून पहिल्या प्रश्नाचं उत्तर जुळवत असतं. तुझ्या पत्रातल्या 'कुणी बोलत नाही' यातला निम्मा भाग हा असावा अशी मला दाट शंका आहे.

मग चार वाजताचं गूढ. 'ते लोक चारला काम संपवतात' असं कृपा करून स्लाइडवर लिहू नकोस. ते साडेसात-आठला येतात, अकराला जेवायला बसतात आणि अर्ध्या तासात उठतात. कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला चाळीस तास. बऱ्याच कचेऱ्यांत कामगार संघटनांच्या करारामुळे साडेसदतीस. जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या कायद्यात तर अशीही सोय आहे की मालकाशी तसा करार झाला, तर कामाचे निदान निम्मे तास कधी आणि कुठे भरायचे ते नोकरदाराने ठरवायचं. म्हणजे पावणेचारला पाळणाघरात मुलाला आणायला गेलेला बाप रात्री आठला पुन्हा लॅपटॉप उघडून बसलेला असू शकतो. तो तुला दिसत नाही, इतकंच. आणि हो, बापच. २०२२ पासून तिथे आई आणि बाप दोघांनाही प्रत्येकी १६० दिवसांची पालकत्वाची रजा आहे. त्यामुळे मुलाला आणायला निघालेल्या पुरुषाला ऑफिसात सबब सांगावी लागत नाही.

पण या सगळ्याची किंमत कुठे मोजली जाते ते बघ, कारण तुझ्या कामाचं तेच आहे. पाच वाजता जागेवर कुणी नसेल, तर पाच वाजता ज्याची गरज पडू शकते ते सगळं आधी लिहून ठेवावं लागतं. याहून मोठी परीक्षा जुलैत. रजेच्या कायद्याप्रमाणे २ मे ते ३० सप्टेंबर या काळात चार आठवड्यांची रजा द्यावी लागते आणि बहुतेक जण ती जुलैत घेतात. शहर ओस पडतं. ज्याच्या डोक्यात अख्खी सिस्टिम आहे तो माणूस चार आठवडे कुठल्याशा तळ्याकाठच्या लाकडी घरात बसलेला असतो आणि फोन उचलत नाही. एकट्याच्या डोक्यात राहिलेली माहिती त्या जुलैत उघडी पडते. जुलै हा त्यांचा फुकटातला ऑडिटर आहे. लोक नीट लिहून ठेवतात ते काही उपजत टापटिपीमुळे नाही. जुलै दर वर्षी येतो म्हणून.

आता तुझं सात वाजेपर्यंत बसणं. कुणाला दिसत नाही असं समजू नकोस, दिसतं. फक्त त्याचा अर्थ 'किती मेहनती' असा लावत नाहीत. हिच्यावर काम जास्त पडलंय, किंवा हिला जमत नाहीये, असा लावतात. तू सातला उठतेस तेव्हा पुण्यात साडेदहा वाजलेले असतात. तुझी चौघं तोवर ऑनलाइन असतात का? पत्रात त्यांच्याबद्दल एक ओळ नाही, म्हणून विचारते. असतील, तर तुझं प्रेझेंटेशन त्यांच्यासमोरही होणार आहे हे लक्षात ठेव.

ऑफिसाबाहेरही बघून घे. कामावर जाणारी माणसं शहराचं ऑफिस तेवढं बघून परततात आणि मग म्हणतात, 'वर्क कल्चर' शिकून आलो. एखाद्या शनिवारी दुपारी ओदी ग्रंथालयात जा, रेल्वे स्टेशनपासून पायी पाच मिनिटं. ५ डिसेंबर २०१८ ला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी ते उघडलं. पुस्तकं सगळ्यात वरच्या मजल्यावर आहेत. मधल्या मजल्यावर शिवणयंत्रं, थ्री-डी प्रिंटर, गाणं रेकॉर्ड करायच्या खोल्या. मी गेले होते तेव्हा एक आजोबा खिडकीच्या पडद्यांना टीप मारत बसले होते. शेजारच्या यंत्रावर एक शाळकरी मुलगी, तिचा दोरा सारखा तुटत होता. आजोबांनी काही न बोलता तिच्या यंत्राची बॉबिन काढली, उलटी बसली होती ती सरळ बसवली आणि परत आपल्या पडद्याकडे वळले. दोघांत एका शब्दाची देवाणघेवाण झाली नाही. तुला ऑफिसात जो कोरडेपणा वाटतोय, तो हाच आहे का ते तिथे बसून ठरव.

त्या ग्रंथालयाच्या वरच्या गच्चीवर उभी राहिलीस की समोर थेट संसद दिसते. २०१७ पासून लागू झालेल्या ग्रंथालय कायद्यात लोकशाही, नागरिकांचा सहभाग आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य यांना बळ देणं हा उद्देशच लिहून ठेवलाय. (आपली नगरवाचनालयंही अशाच उमेदीने निघाली होती. पण ते वेगळं दुखणं आहे.)

'विश्वास' ही स्लाइड ठेवायचीच असेल तर तिच्यावर ट्रॅमचा फोटो लाव. ट्रॅमला काय, मेट्रोलासुद्धा तिकीट तपासणारं फाटक नाही, सरळ चढायचं. बाबागाडीत लहान मूल घेऊन चढणाऱ्याला तर तिकीटच नाही. सुओमेनलिन्ना या बेटावरच्या जुन्या किल्ल्याला जाणारी सरकारी फेरीसुद्धा त्याच तिकिटावर. किती विश्वास, नाही का! आणि मग एखाद्या सकाळी गणवेशातले तपासनीस चढतात आणि विनातिकीट सापडलेल्याला असा दंड ठोकतात की महिन्याचा पास त्यापेक्षा स्वस्त पडला असता. विश्वासामागे तपासनीस आहे. स्लाइडवर दोघंही दिसू देत.

आणि पुणेकर श्रोत्यांसाठी एक हुकमी गोष्ट. २०२५ च्या उन्हाळ्यात हेलसिंकी महापालिकेने जाहीर केलं की गेल्या बारा महिन्यांत शहरातल्या रस्त्यांवर अपघातात एकही माणूस दगावलेलं नाही. एकही. १९८० च्या दशकाच्या शेवटी हाच आकडा वर्षाला तीसपर्यंत जायचा. मधल्या काळात तिथल्या ड्रायव्हरांचं मन बदललं असं कुणी म्हणत नाही. निम्म्याहून जास्त रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आली, रस्ते मुद्दाम अरुंद केले, कॅमेरे बसवले, पायी चालणाऱ्यांना आणि सायकलींना वेगळी जागा दिली, आणि हे काम पक्ष बदलले तरी चालू राहिलं. 'त्यांची माणसंच शिस्तीची' या वाक्याला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. मात्र यावर चर्चा सुरू झाली की तुझी वेळ संपेल, म्हणून ही गोष्ट शेवटी घे.

सगळं गोड मानून घेऊ नकोस. नोकऱ्या तिथे बऱ्याचदा ओळखीतून भरल्या जातात, आणि परकी नावं असलेल्या अर्जांना मुलाखतीची बोलावणी कमी येतात हे हेलसिंकी विद्यापीठातल्याच संशोधनात दिसून आलंय. तीन महिन्यांसाठी येऊन बिल लावणाऱ्या पाहुणीला ही बाजू दिसत नाही. तिथे कायम राहायला आलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाकडे जेवायला गेलीस तर ऐकायला मिळेल. आणि नोव्हेंबर-डिसेंबरचा अंधार हा थट्टेचा विषय नाही. साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, डिसेंबरच्या मधोमध दिवस सहा तासांचाही नसतो. तुझ्या पत्रातली थोडी उदासी या अंधाराची असेल. दुपारी जेवण झालं की पंधरा मिनिटं बाहेर चालून ये, कोटाला ती चमकणारी पट्टी लाव, सगळे लावतात.

आपणहून कुणी बोलत नाही, तर तू बोलायला जा. दुपारच्या कॉफीला जागेवर बसून राहू नकोस. जगात सगळ्यात जास्त कॉफी पिणाऱ्यांत त्या लोकांची गणना होते आणि कितीतरी करारांत कॉफीची सुट्टी लिहून दिलेली असते, तेव्हा तिथे जाणं म्हणजे कामचुकारपणा नव्हे. दिवाळीचा चिवडा उरला असेल तर वाटीत घालून टेबलावर ठेव. फार आग्रह नको. दुसऱ्या दिवशी कुणीतरी येऊन विचारेल, त्यात काय होतं.

आता मुख्य कामाचं: यातलं पुण्याला काय न्यायचं. चारला घरी जाणं नेता येणार नाही. तुझ्या साहेबांचे साहेब रात्री नऊला फोन करतात तोवर तर नाहीच. त्या मुलीसारखं भर मीटिंगमध्ये 'होणार नाही' म्हणणंही जसंच्या तसं नेऊ नकोस. तुझ्या टीममधला सगळ्यात ज्युनिअर मुलगा उद्या साहेबांना क्लायंटसमोर तसं बोलला, तर त्याचं अप्रेझल कोण वाचवणार? हेलसिंकीत त्या मुलीच्या मागे नोकरीतून सहजासहजी काढू न देणारा कायदा आहे, संघटना आहे, आणि मान हलवणारा मॅनेजर आहे. तुझ्या पोराच्या मागे फक्त तू आहेस.

म्हणून मी सुचवते ते असं. क्लायंटला कुठलीही तारीख जाण्याच्या आदल्या दिवशी तुझ्या चौघांना पंधरा मिनिटं बसव, साहेबांशिवाय. सगळ्यात लहान असेल त्याने आधी बोलायचं, तू सगळ्यात शेवटी. प्रत्येकाला दोनच प्रश्न: या तारखेला काय होईल, आणि काय होणार नाही. सगळं एका पानावर लिहून काढ. मग तो नकार साहेबांकडे तू घेऊन जायचास, तुझ्या नावावर. 'अमुक म्हणतोय' असं एकदाही म्हणायचं नाही. सुरुवातीला तुला ऐकून घ्यावं लागेल. साहेब म्हणतील, फिनलंडला जाऊन निगेटिव्ह झालीस. म्हणू देत. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात काय होईल ते लिहिलेलं असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला ते पान स्वतःच मागतील, कारण क्लायंटपुढे तोंडघशी पडायला त्यांनाही आवडत नाही.

आणि ते पंधरा मिनिटांचं बसणं परत येईपर्यंत थांबवू नकोस. चौघं पुण्यात आहेत, तू तिथे. फोनवर उद्यापासून होईल. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

प्रेझेंटेशनमध्ये त्या डिसेंबरचीच गोष्ट सांग: काय मागितलं होतं, काय 'नाही' म्हटलं गेलं, शेवटी काय वेळेत पोचलं. पण आधी साहेबांना एकट्यात गाठ आणि दाखव. चाळीस जणांसमोर त्यांची फजिती करशील तर ऐकणारे तेवढंच लक्षात ठेवतील. कदाचित ते म्हणतील, हा भाग मीच सांगतो. तसं झालं तर सोन्याहून पिवळं. नको म्हणाले, तर डिसेंबर वगळ. जुलै, ट्रॅम आणि रस्ते एवढ्यावर अर्धा तास सहज निघतो. वर्क-लाइफ बॅलन्सची स्लाइड मात्र आत्ताच उडव.

राहिला सौना. घाबरण्यासारखं काही नाही. सुमारे छप्पन्न लाखांच्या देशात तीस लाखांवर सौना आहेत, संसद भवनातही आहे. २०२० मध्ये युनेस्कोने ही परंपरा आपल्या यादीत घेतली. ऑफिसच्या पार्टीत बहुधा बायकांची पाळी वेगळी, पुरुषांची वेगळी. आत कपडे नसतात, बसायला टॉवेल असतो, आणि कुणी कुणाकडे बघत नाही. टॉवेल गुंडाळून बसलीस तरी चालतं. नको वाटलं तर 'मी बाहेर थांबते' एवढं म्हण. कारण विचारणार नाहीत, आग्रह तर मुळीच नाही. (आपल्या लग्नातल्या पंगतीतून गेलेल्या माणसाला हे पटायला जड जातं.) रंगीत तालीम करायची असेल तर कल्लिओ भागात कोतिहार्यू नावाचा १९२८ सालचा सार्वजनिक सौना आहे, अजून लाकडावर तापवतात, बायकांचा विभाग स्वतंत्र. खालच्या बाकावर बस, वर आच फार लागते. आधी आणि नंतर भरपूर पाणी पी. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचार.

— तुझी ताई

ता. क. गुरुवारी कँटीनमध्ये वाटाण्याचं हिरवं सूप आणि मागाहून गोड पॅनकेक असा बेत असतो, जुनी रीत आहे. सूप बघून वरणाची आठवण येते, पण त्यात बहुधा डुकराचं मांस असतं. शाकाहारी असशील तर वाढून घेण्याआधी विचार. शाकाहारी सूप शेजारच्याच भांड्यात असण्याची शक्यता बरीच.